ऊद, कार्बोलिक आणि क्रीमची डबी



मागच्या आठवड्यात धाकट्या सुनेचा नाशिकहून फोन आला. ती दुकानात उभी होती. एका हातात रोजची क्रीम आणि दुसऱ्या हातात दुप्पट किमतीची. म्हणाली, "आई, हिच्यावर 'पॅराबेन फ्री' लिहिलंय. बाळाला लावायची आहे, हीच घेऊ ना?" मी चटकन हो म्हणू शकले नाही. तिला वाटलं फोन कट झाला.

या दोन शब्दांपायी माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे. ती शेवटी सांगते. आधी ही पॅराबेन नावाची वस्तू आपल्या घरात आली कुठून, ते सांगते, कारण तो इतिहास माहीत असता तर ती चूक झाली नसती.

मी नाशिकची. बी.कॉम. झाले आणि १९८१ साली लग्न होऊन जव्हारला आले. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं, मुकणे राजांच्या संस्थानाच्या काळापासूनचं. शिकलेली सून म्हणून हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या. माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्याही होत्या. कसर लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात मी त्या गच्चीवर पसरायची आणि पसरता पसरता वाचत बसायची. १९५६-५७ च्या वहीत एका पानावर तीन नोंदी एकाखाली एक आहेत: ऊद अर्धा शेर, कार्बोलिक साबण एक डझन, अफगाण स्नो सहा नग. कितीतरी वर्षं मी ते पान नुसतं वाचलं. या तीन वस्तूंचं आपसात नातं आहे हे फार उशिरा कळलं.

आधी आपल्या आज्या-पणज्यांकडे काय होतं ते पाहू. अंगाला लावायला तेल. जव्हार-मोखाड्याच्या माळांवर नागली-वरईच्या जोडीने खुरासणी पिकते. दिवाळीच्या सुमारास डोंगर पिवळ्या फुलांनी भरून जातात. त्या खुरासणीचं तेल घाण्यावर काढून आणायचं. वारली, कोकणा, महादेव कोळी बाया मोहाच्या बियांचं तेलही काढत आणि थंडीत फुटलेल्या टाचांना, अंगाला चोळत. आपल्या घरात खोबरेल आणि तिळाचं तेल. न्हायला डाळीचं पीठ, हळद, वाळवलेल्या संत्र्याच्या साली, शिकेकाई. डोळ्यात काजळ, तेही तुपात किंवा एरंडेल तेलात खललेलं.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. यात पाणी घालून ठेवलेली एकही वस्तू नाही. साठवायचं ते कोरडं किंवा तेला-तुपातलं. पाणी, दूध, साय घालायची ती लावायच्या वेळी, वाटीत, तेवढ्यापुरती. उरलं तर टाकायचं. तेल फार तर खवट होईल, पण त्यात बुरशी धरत नाही. ओल्या उटण्याला मात्र जव्हारच्या पावसात दुसऱ्याच दिवशी वास सुटतो.

आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३, हे आपण आईच्या मांडीवर बसून शिकलो. गाळलेलं पाणी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं. पुढे ते पुन्हा गाळायचं आणि गाळण्यातली जिवाणी जिथून पाणी आणलं तिथेच हळुवार सोडायची. चातुर्मासात त्यागी विहार थांबवतात, कारण पाऊस पडला की पावलागणिक जीव. 'ओल तिथे जीव' हे आपल्याकडे सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

मग आला स्नो. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ साली अफगाण स्नो बाजारात आणला आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं तो घराघरात गेला. सासूबाई सांगायच्या की जव्हारला नवरीच्या पेटीत स्नोची बाटली असली की तिचं माहेर 'सुधारलेलं' ठरायचं. पुढे १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी परळमध्ये विको सुरू केलं. लॅक्मेही त्याच साली, टाटांची. तेव्हापासून दुकानाच्या फळीवर क्रीमच्या डब्यांची रांग वाढतच गेली.

स्नो किंवा क्रीम म्हणजे तेल आणि पाणी घुसळून एकजीव केलेलं मिश्रण. बऱ्याच क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. म्हणजे ओली वस्तू, तीही वर्षभर ठेवायची, आणि रोज त्यात बोट घालायचं. ही पद्धत आपल्या आज्यांनी कधी वापरलीच नव्हती. 'पूर्वी कुठे होते प्रिझर्व्हेटिव्ह?' असं आपण सहज म्हणतो. पूर्वी पाण्याची डबीच नव्हती, म्हणून त्याची गरज नव्हती. व्हॅसलीनसारख्या निव्वळ जेलीला किंवा खोबरेलाला आजही ती फारशी लागत नाही.

आता वहीतल्या त्या तीन नोंदींकडे येते.

पहिली, ऊद. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ऊद घालतात, बाळाचं जावळ धुरीवर धरतात. हा एका झाडाचा डिंक, सुमात्रा-जावाकडून येणारा. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी', म्हणजे जावाचा धूप, म्हणत. युरोपात तो शब्द झिजत झिजत 'बेंझोइन' झाला. या उदातून पांढरे स्फटिक मिळतात, त्यांना बेंझोइक अॅसिड म्हणतात. ते बुरशीला वाढू देत नाही हे १८७५ साली जर्मनीत साल्कोव्स्की यांनी दाखवलं. आज लोणच्याच्या, सरबताच्या बाटलीवर 'सोडियम बेंझोएट' वाचतो, ते याच घराण्यातलं. वस्तू कारखान्यात होते, नाव मात्र उदाचं राहिलं.

दुसरी, कार्बोलिक. दगडी कोळशाच्या डांबरातून १८३४ साली सापडलेलं हे अॅसिड. त्यालाच फिनॉल म्हणतात. १८६५ पासून इंग्रज शल्यवैद्य जोसेफ लिस्टर ते जखमा धुवायला वापरू लागले आणि शस्त्रक्रियेनंतर पू होऊन मरणाऱ्यांची संख्या उतरली. त्यावरूनच तो लाल, उग्र वासाचा साबण निघाला.

कार्बोलिकची एक गोष्ट आपल्या मुंबईची आहे आणि ती मला फार शिकवून गेली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, तीच आजची हाफकिन संस्था. लशीच्या बाटलीत दुसरे जंतू वाढू नयेत म्हणून सुरुवातीला थोडं कार्बोलिक घालत असत. नंतर लस बनवण्याची नवी रीत आली, तीत ते घालणं बंद झालं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. सगळेच्या सगळे एकाच बाटलीतून टोचलेले.

ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला: कार्बोलिक का वगळलं? हाफकिन यांचं काम गेलं, नाव गेलं. पुढे बारकाईने तपासल्यावर असं दिसलं की बाटलीचं बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ साली त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५ साली संस्थेला त्यांचं नाव दिलं.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. टिकवणारं द्रव्य काढून टाकलं की बाटलीला वाली उरत नाही, एखादी लहानशी चूकही मग पोटात घातली जात नाही. आणि द्रव्य घातलं म्हणून हात-भांडी अस्वच्छ ठेवायची मुभा मिळत नाही. दोन्ही लागतात.

तिसरी नोंद स्नोची, आणि स्नोच्याच जातीच्या डब्यांमध्ये पुढे आलं पॅराबेन. फिनॉलवर प्रक्रिया करून बेंझोइक अॅसिडचं एक भावंड तयार करतात, आणि त्यापासून पॅराबेन. म्हणजे उदाच्या आणि कार्बोलिकच्या घराण्यांची सोयरीकच म्हणा ना! १९२० च्या दशकात जर्मनीत थिओडोर साबालिचका यांनी ते टिकवणारं द्रव्य म्हणून सुचवलं. त्याला वास नाही, रंग नाही, कार्बोलिकसारखं ते कातडी भाजत नाही आणि अगदी थोडं पुरतं. मिथाइल पॅराबेन पाण्यात बरं विरघळतं, प्रोपाइल तेलाकडे जास्त ओढ घेतं, म्हणून बहुतेक डब्यांवर दोघांची नावं जोडीने दिसतात. बुरशीवर त्यांचा चांगला जोर चालतो.

किती घालतात? युरोपातला नियम सांगते: मिथाइल किंवा इथाइल एकटं असेल तर ०.४ टक्के, सगळे मिळून ०.८ टक्क्यांच्या वर नाही. कॉमर्सवालीच्या भाषेत सांगायचं तर ५० ग्रॅमच्या डबीत ०.४ टक्के म्हणजे ०.२ ग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही कमी.

मग एवढी भीती कशाची? भीती अगदीच हवेतली नव्हती. १९९८ साली एका अभ्यासात दिसलं की पॅराबेन शरीरातल्या स्त्री-संप्रेरकासारखं, पण फार क्षीणपणे, वागू शकतं. २००४ साली इंग्लंडमधल्या फिलिपा डार्बर यांना स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेनचे अंश सापडले. बातमी जगभर गेली. त्या अभ्यासात निरोगी भागाशी तुलना नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असं त्यांनीही म्हटलं नव्हतं, पण तेवढं कोण वाचतं? आपल्या घरात कुणाला तो आजार झालेला असतो, आपण घाबरतो. मीही घाबरले होते. माझी थोरली बहीण त्यातच गेली.

युरोपने २०१४ साली चाळणी लावली. पाच प्रकारच्या पॅराबेनांवर बंदी घातली, कारण त्यांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती नव्हती. प्रोपाइल आणि ब्युटाइलची मर्यादा ०.१४ टक्क्यांवर आणली आणि तीन वर्षांखालच्या बाळांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममध्ये ती दोन वापरायला मनाई केली. मिथाइल आणि इथाइल चालू ठेवली. सुनेच्या बाळाच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे आहे: नुसतं 'पॅराबेन' बघू नये, कोणतं आणि कुठे लावायचं ते बघावं.

पण कंपन्यांना 'पॅराबेन फ्री' लिहिणं सोपं पडलं. मग त्या जागी दुसरं काही घालावंच लागलं. काहींनी मिथाइल-आयसो-थायाझोलिनोन नावाचं द्रव्य घातलं. त्याने इतक्या लोकांच्या अंगावर पुरळ उठलं की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला 'वर्षातलं अॅलर्जी-द्रव्य' ठरवलं. युरोपने २०१७ पासून अंगावर लावून ठेवायच्या वस्तूंत त्यावर बंदी आणली. आणि २०१९ साली त्याच संघटनेने पॅराबेनला 'अॅलर्जी न करणारं द्रव्य' म्हणून जाहीर केलं! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आता माझी चूक.

२०१८ चा पावसाळा. आमच्या महिला मंडळाने ठरवलं की घरच्या घरी क्रीम करून विकायची आणि पैसे पाठशाळेला द्यायचे. पुढाकार माझाच. पालघर जिल्ह्यातच तारापूर-बोईसरची रसायनांची वसाहत, खाडीच्या प्रदूषणाच्या बातम्या आम्ही रोज वाचतो, त्यात बहिणीचं दुःख. 'केमिकल' या शब्दाचाच मला तिटकारा आला होता. काकडीचा रस, गुलाबपाणी, बदामतेल आणि दोन्ही एकजीव करणारं वनस्पतीचं मेण असा घाट घातला. मधमाशीचं मेण नको म्हणून टाळलं. कोरफड अनंतकाय म्हणून टाळली. पाणी गाळून घेतलं, भांडी धुतली. ६० डब्या भरल्या आणि प्रत्येकीवर मीच हाताने लिहिलं, 'रसायनमुक्त'.

कोरफडीतले जीव आम्हाला दिसले. काकडीचा रस आणि पाणी घातलेली डबी श्रावणात महिनाभर ठेवली तर तिच्यात काय होईल, हे मात्र साठ जन्मांचा पिठाचा हिशेब पाठ असलेल्या आम्हा बायकांपैकी एकीच्याही मनात आलं नाही. पीठ असतं तर चौथ्या दिवशी टाकलं असतं.

मोखाड्याकडच्या एका खेड्यातली बाई दुकानात नेहमी यायची. तिने सतरा वर्षांच्या मुलीसाठी एक डबी नेली. मुलीच्या गालावर मुरुमं होती. पंधरा दिवसांनी निरोप आला की चेहऱ्यावर पुवाचे फोड आलेत, एक डोळा सुजून बंद झालाय. आम्ही तिला नाशिकला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डबी मागितली. झाकण उघडलं तर आतल्या कडेला राखाडी-हिरवे ठिपके. डॉक्टर म्हणाले, "तपासल्याशिवाय शंभर टक्के यानेच झालं म्हणणार नाही. पण यात प्रिझर्व्हेटिव्ह काय घातलंय?" मी म्हटलं, "काहीच नाही." मी ते अभिमानाने म्हणायची सवय लावून घेतली होती. त्या दिवशी आवाज फुटेना.

मग त्यांनी विचारलं, लायसन्स आहे का? सौंदर्यप्रसाधनं १९६२ च्या दुरुस्तीने औषधांच्या कायद्यात आली आहेत. विकण्यासाठी बनवायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, घरी बनवली तरी. शॉप अॅक्टपासून विक्रीकरापर्यंत सगळे कागद तोंडपाठ असलेल्या मला हे माहीत नव्हतं.

४७ डब्या विकल्या गेल्या होत्या. दारोदार जाऊन ३१ परत आणल्या, बाकीच्यांना निरोप दिले. पैसे परत केले. मुलीचा औषधपाण्याचा सगळा खर्च केला. ती बरी झाली, डोळा वाचला, गालावर दोन वण राहिले.

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. आपण त्या दिवशी एकमेकींना क्षमा मागतो, बहुतेक वेळा जिचं काही बिघडवलेलं नसतं तिला. मी एस.टी.ने मोखाड्याला उतरले आणि पुढे चालत त्या पाड्यावर गेले. मुलीच्या आईने घोंगडी टाकली, कोरा चहा दिला. मी हात जोडले. ती म्हणाली, "काकू, कंपनीची डबी पण होती ना दुकानात, धा रुपयानं स्वस्त. तुमी बोल्लात यात केमिकल नाय, म्हणून ही घेतली." रागावून नाही, सहज बोलली. त्याहून मोठा ठपका मला कुणी ठेवला नाही.

परत येताना मी विचार करत होते. माझा मुख्य आक्षेप होता की जे द्रव्य जंतू मारतं ते अहिंसेला धरून कसं? मी पंडित नाही, पण स्वाध्यायात ऐकलेलं आठवलं. गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायची असते; आरंभी, उद्योगी हिंसा पूर्ण सुटत नाही, म्हणून तिथे यत्नाचार हवा. मर्यादा पाळायची ती जीव उपजूच नयेत, अशी जागाच निर्माण होऊ नये, म्हणून. मी तर ओल साठवली, जिवांना उपजायला डबी दिली, आणि ती एका लेकराच्या गालावर लावायला दिली. वर 'रसायनमुक्त' लिहिलं, तेही खरं नव्हतं. पाणी हेसुद्धा रसायनच. हिंसा आणि असत्य, दोन्ही एकाच चिठ्ठीवर.

आता मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. घरी केलेलं ओलं उटणं त्याच दिवशी संपवायचं. साठवायचं ते कोरडं किंवा तेलाचं. पाणी असलेली क्रीम घ्यायची तर टिकवणारं द्रव्य लिहिलेली घ्यायची. काहीच लिहिलेलं नसेल तर तिचीच मला जास्त भीती वाटते. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि ६ किंवा १२ आकडा असतो, म्हणजे उघडल्यावर इतके महिने. मी उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवते, पिठाच्या डब्यावर लिहितो तशी. ओलं बोट घालायचं नाही. मुलकोवालचा चिमटा आठवायचा.

सुनेला मी शेवटी म्हटलं, "पुढचं सोड, डबी उलटी कर आणि मागची बारीक अक्षरं मला वाचून दाखव." तिने वाचली. स्वस्त डबीत प्रोपाइल पॅराबेन होतं, म्हणून लंगोटाच्या जागेसाठी नको म्हटलं. महागडीत एक अवघड नाव होतं, ते तिने बाळाच्या डॉक्टरांना विचारायचं ठरवलं. तोवर बाळाला खोबरेल.

त्या वर्षीच्या वहीत ६० डब्यांचा खर्च मी मंडळाच्या खात्यावर टाकला नाही, माझ्या नावे टाकला. ती नोंद अजून तशीच आहे. क्षमा त्या माउलीने केली, पण 'नावे' लिहिलेलं खोडायचं नसतं, हे मला कॉमर्सने शिकवलं आहे.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.